वापरलेल्या वस्त्राची रुजुवात

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जेथे चुलबंद नदी वैनगंगेच्या भेटीस येते त्या सखल आणि तलाव-बोड्यांनी भरलेल्या प्रदेशात लाखांदूर वसलेले आहे. आणि ज्या मुलुखास लोक पिढ्यानपिढ्या झाडीपट्टी म्हणत आले त्या मुलुखाची सारी लक्षणे, म्हणजे धानाच्या बांध्या, कोहळी समाजाने बांधलेले तलाव, ऐन, अर्जुन आणि मोहाची झाडी, येथे एकाच दृष्टिक्षेपात सामावतात. वैनगंगेच्या पलीकडे पवनी आहे, जेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. पलीकडच्याच काठाने खाली ब्रह्मपुरी, आणि अलीकडे वडसा-देसाईगंज. या प्रदेशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी राजवटींना, तलावांना आणि धानाला यथायोग्य स्थान दिले, परंतु येथील माणसाने अंगावर काय नेसले, ते कोणी विणले, आणि आज एखाद्या पेटीच्या तळाशी सापडणारे जुने कोशाचे वस्त्र खरोखर कोणाच्या अंगावरचे होते हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. जुन्या कापडाचा नाद मला लागल्यापासून हाच प्रश्न माझ्यापुढे वारंवार उभा राहिला आहे, आणि त्याचा विचार करावयाचा तर प्रथम कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धंद्याचा मागोवा घेतला पाहिजे.

टसरचा किडा तुतीच्या किड्यासारखा घरात पाळला जात नाही. तो ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पानांवर, उघड्या रानात वाढतो. वैनगंगेच्या खोऱ्यात हे काम परंपरेने धिवर समाजाने केले. पावसाळ्याच्या आरंभी अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या झाडांवर सोडावयाच्या, एका झाडाचा पाला संपला म्हणजे त्या उचलून दुसऱ्या झाडावर न्यावयाच्या, आणि अळी चार वेळा कात टाकून कोश विणावयास बसेपर्यंत पाखरे, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांपासून तिचे दिवसरात्र रक्षण करावयाचे, असा हा कष्टाचा व्यवसाय आहे. या किड्याच्या एका स्थानिक वाणास शास्त्रज्ञ ‘भंडारा’ याच नावाने ओळखतात, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील किती सुशिक्षितांस ठाऊक असेल याची मला शंका वाटते. फांदीला चिवट देठाने लोंबणारा तो टणक, अंड्याच्या आकाराचा कोश क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ करावयाचा, आणि मग काही कोशांचे तंतू एकत्र ओढून, उघड्या मांडीवर तळहाताने वळीत, त्यांचे सूत काढावयाचे; हे शेवटचे काम बहुतेक ठिकाणी बायका करीत. मांडीवर काढलेल्या या सुतात पीळ सर्वत्र सारखा नसतो, मधूनच गाठ येते, मधूनच तंतू फुगतो, आणि हाच असमानपणा पुढे जुन्या कापडाची परीक्षा करणाऱ्यास पहिला भरवशाचा साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो.

विणकाम कोष्ट्यांचे. मोहाडी, आंधळगाव, पवनी आणि खुद्द भंडारा ही त्यांची जुनी ठाणी. खड्ड्यात पाय सोडून बसावयाचे, समोर माग, हातात धोटा. आणि अंग कोशाचे व काठ सुताचा असे लुगडे विणावयाचे असले म्हणजे दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालवून, काठ आणि अंग जेथे मिळतात तेथे बाणा एकमेकांत गुंतवून करवतीसारखे दात उठवावयाचे. याच लुगड्यास करवतकाठी म्हणतात, आणि त्याला आता भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात या विणकरांस दरबाराचे आणि मानकऱ्यांचे गिऱ्हाईक होते. परंतु कोशाचे खरे आणि टिकाऊ गिऱ्हाईक दरबाराबाहेर, प्रत्येक सोवळे पाळणाऱ्या घरात होते. पूजेस, श्राद्धास, वैश्वदेवास, पंक्तीस बसताना पुरुषाने नेसावयाचा मुकटा आणि स्वयंपाकघरात बायकांनी नेसावयाचे सोवळ्याचे लुगडे यांसाठी कोशाचे वस्त्र मान्य होते, कारण रेशीम सुती वस्त्राप्रमाणे सहज विटाळत नाही अशी समजूत होती. आणि एकदा घेतलेला मुकटा वर्षानुवर्षे, कित्येकदा बापामागून मुलाने, वापरावयाचा असल्यामुळे तो घेताना शहानिशा फार बारकाईने होत असे.

ही शहानिशा मालाची होती आणि तिचे नियम बाजारात सर्वांस ठाऊक होते. एक धागा उसवून जाळावा; जळक्या केसाचा वास येऊन चिमटीत चुरडणारी ठिसूळ राख राहिली तर ते रेशीम, लुकलुक जळून कागदासारखी राख झाली तर सूत. कोशाचा रंग मधासारखा, थोडा करडा. तो मुळातच असतो, चढविलेला नसतो, आणि त्यावर दुसरा रंग तुतीच्या रेशमाइतका सहज बसत नाही. तंतू चपटा असल्यामुळे त्यावर प्रकाश तुटक पडतो, म्हणून कोशाची झळाळी तुतीच्या रेशमापेक्षा मंद आणि अधिक खोल दिसते. काठाकडे पाहिले तर, कापड ताणून धरण्यासाठी मागावर आडवी लावलेल्या, टोकांना अणकुचीदार खिळे असलेल्या काठीची बारीक छिद्रे दोन्ही कडांना समान अंतरावर दिसतात. परंतु हे सारे फार तर एवढेच सांगते की वस्तू खरी आहे. ती कोणी वापरली, कधी वापरली, आणि जी कथा तिच्याबरोबर चालत आली ती खरी की नंतर चिकटविलेली, हा प्रश्न याच्या पुढचा आणि पुष्कळ अवघड आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज जगात सर्वांत शिस्तीने कोठे झाला असेल तर तो अमेरिकेत, बेसबॉल या खेळाच्या जर्सींच्या बाबतीत झाला आहे, आणि म्हणून लाखांदूरच्या कोशावर लिहिताना मी वाचकास इतक्या दूर नेतो. तेथे नामांकित खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात घातलेली जर्सी ही संग्राहकांच्या दृष्टीने मोलाची वस्तू आहे, आणि जेथे मोल आहे तेथे बनावट येणारच. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने खोट्या सह्या आणि खोट्या क्रीडावस्तूंच्या एका मोठ्या कारखानदारीचा छडा लावला. टोनी ग्विन या ख्यातनाम फलंदाजास आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विक्रीस ठेवलेल्या आढळल्या. त्यानंतर २००१ पासून तेथील मुख्य लीगने एक पद्धत सुरू केली. तिचा पाया असा की आजी किंवा माजी पोलीस अधिकारी सामन्याच्या जागी प्रत्यक्ष हजर राहतो, वस्तू वापरली जाताना किंवा खेळाडूच्या अंगावरून उतरताना आपल्या डोळ्यांनी पाहतो, आणि तेथल्या तेथे तिला क्रमांकाची, फाडल्यास नष्ट होणारी चकचकीत चिठ्ठी लावतो. मागाहून कोणी, मग तो खुद्द खेळाडू का असेना, ‘ही माझीच’ असे सांगत आला तरी त्या वस्तूस चिठ्ठी मिळत नाही. साक्षीदाराने पाहिलेले तेवढेच ग्राह्य, या कठोर नियमाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण २००१ पूर्वीच्या वस्तूंचे काय? तेथे कापडाचीच उलटतपासणी करावी लागते. १९७० साली पिट्सबर्गच्या संघाने लोकरी फ्लॅनेल सोडून विणीव ताणाचे कापड स्वीकारले आणि पाठोपाठ इतर संघांनीही ते घेतले. म्हणून फ्लॅनेलची जर्सी त्यानंतरच्या काळातील खेळाडूची म्हणून कोणी आणली तर संशय घ्यावा. न्यूयॉर्कच्या यांकी संघाने पाठीवर क्रमांक घालण्यास १९२९ साली प्रारंभ केला. म्हणून त्या संघाच्या त्याआधीच्या जर्सीच्या पाठीवर क्रमांक असेल तर तो नंतर शिवलेला. आणि याहूनही निर्णायक म्हणजे छायाचित्राशी मुकाबला: जुन्या छायाचित्रात छातीवरचे अक्षर गुंडीच्या पट्टीला नेमके कोठे छेदते, शिवण कोठे वाकली आहे, पट्टा कोठे तिरका गेला आहे, हे प्रत्यक्ष वस्त्राशी तंतोतंत जुळवून पाहावयाचे. बेब रूथने १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागो येथील विश्वमालिकेच्या तिसऱ्या सामन्यात घातलेली करडी जर्सी, ज्या सामन्यात त्याने आधी हात दाखवून मग चेंडू मैदानाबाहेर धाडला असे म्हणतात, २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरांस विकली गेली होती; छायाचित्रांशी मुकाबला होऊन तीच त्या दिवसाची जर्सी असल्याची खातरजमा झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये तिला २ कोटी ४१ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. रुजुवात झाल्याने एकाच कापडाच्या मोलात किती अंतर पडते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

याच १९३२ साली, २५ जून रोजी, नागपूरचे सुपुत्र कर्नल सी. के. नायडू लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नायक म्हणून उतरले आणि हाताला दुखापत झालेली असताही पहिल्या डावात त्यांनी संघाच्या सर्वाधिक ४० धावा केल्या. त्या दिवशी त्यांच्या अंगात जो पांढरा सदरा होता त्यावर नाव नव्हते, क्रमांक नव्हता. कसोटीच्या सदऱ्यांवर नाव आणि क्रमांक येण्यास २०१९ साल उजाडावे लागले. उद्या कोणी विदर्भातल्या एखाद्या पेटीतून एक पांढरा फ्लॅनेलचा सदरा काढून ‘हाच तो’ म्हणाला तर त्याची शहानिशा करावयास शिंप्याची चिठ्ठी, कॉलरची ठेवण आणि बटणांची संख्या यांपलीकडे हाती काही लागणार नाही.

कोशाच्या वस्त्राची स्थितीही अशीच आहे, तथापि माझ्या मते ती नायडूंच्या सदऱ्याइतकी निराशाजनक नाही. कारण सोवळ्याच्या आचाराने त्या वस्त्रावर काही अशा खुणा उमटविल्या आहेत की ज्या बनविणे बनावट करणाऱ्यास सहज साधणार नाही. लाखांदूर तालुक्यातील एका जुन्या घरी तेथील वृद्ध आजींनी मला एक कोशाचा मुकटा दाखविला. “आमच्या मामंजींचा होय जी हा,” त्या म्हणाल्या, “त्यांचा वैश्वदेव याच्यावरच चालायचा.” मुकटा उजेडात पसरून पाहिला तेव्हा नेसल्यावर मांडीवर येणाऱ्या भागात मोहरीएवढी, काळपट आणि ठिसूळ कडांची छिद्रे विखुरलेली दिसली. रेशमावर ठिणगी पडली म्हणजे ते भडकत नाही. जागच्या जागी करपते आणि विझते, म्हणून छिद्र लहान राहते. ही छिद्रे समोरच्या भागातच होती, मागे एकही नव्हते. कुंडासमोर मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या वस्त्रावर ती जेथे पडावयास हवीत तेथेच ती पडलेली होती. मागच्या बाजूस, पाटाच्या कडेशी रोज घासल्यामुळे, बाणा विरळ होऊन ताण्याचे धागे उघडे पडले होते. उजव्या कमरेशी हळदीची, धुऊन फिकट झालेली बोटे. आणि वस्त्राच्या मधोमध, आडवी, एक करडी रेघ: सोवळे कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीने उचलून उंच वळणीवर वाळत घालीत, आणि वळणीच्या दांडीवर वर्षानुवर्षे तेच तेच ठिकाण टेकून धूळ व धूर यांची ती रेघ पक्की झाली होती. पेटीत घडी घालून ठेवलेल्या रेशमास घडीच्या रेषांवर जशा चिरा जातात तशा चिरा मात्र तेथे अगदी थोड्या होत्या; म्हणजे हे वस्त्र पेटीत पडून राहिलेले नव्हते, ते रोज वळणीवर होते.

पवनीच्या एका वयोवृद्ध विणकरांस मी तो मुकटा दाखविला. त्यांनी भिंगास हात लावला नाही, एक धागा बोटांत फिरविला आणि म्हणाले, “हे मांडीवरचं सूत होय जी, मशीनीचं नाही.” सूत काढण्याची यंत्रे आल्यानंतरच्या सुताचा पीळ इतका सारखा असतो की बोटास तो तत्काळ कळतो. अशा रीतीने एका वस्त्राविषयी जेवढे ठरविता आले ते असे: कापड अस्सल, जुन्या रीतीचे, वापर अस्सल, रोजच्या अग्निकार्यातला, आणि मामंजींचे नाव मात्र केवळ आजींच्या स्मरणाच्या आधारावर, म्हणून संभाव्य. त्या घरी खर्चाची चोपडी असती आणि तीत मुकटा घेतल्याची एक ओळ असती, तर तिसरा निकालही पक्का झाला असता. या तीन गोष्टी परस्परांत मिसळू न देणे हेच रुजुवातीचे खरे मर्म आहे असे मी मानतो. कारण पुष्कळ संग्राहक पहिली गोष्ट सिद्ध झाली की तिसरीही सिद्ध झाली असे धरून चालतात.

खुणांचेही दोन पक्ष असतात. काही वस्त्राच्या बाजूने बोलतात, काही विरुद्ध. या बाबतीत बिब्ब्याची खूण विशेष विचार करण्यासारखी आहे. बिब्ब्याचे झाड आपल्या रानात भरपूर. त्याच्या फळातील रस कापडावर लावला की काळी, धुऊन न जाणारी खूण उमटते, आणि परीट प्रत्येक घरच्या कपड्यांस अशी वेगळी खूण करून ठेवीत. सुती धोतरावर, उपरण्यावर अशी खूण सापडली तर ती मोलाची, कारण ती घरोघरची वेगळी असे आणि एकाच घरच्या दोन वस्त्रांवर तीच खूण आढळली तर त्यांचे नाते प्रस्थापित होते. परंतु सोवळे परिटाकडे जात नसे. ते घरीच, घरच्याच माणसाने धुवावयाचे. म्हणून ‘आजोबांचे पूजेचे सोवळे’ म्हणून पुढे आलेल्या मुकट्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असेल तर ती त्या कथेविरुद्ध साक्ष देते. ते वस्त्र कोशाचे असेल, जुनेही असेल, पण त्याचा सोवळ्याचा इतिहास संशयास्पद ठरतो. त्याचप्रमाणे चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेल्या कापडाचा रंग घड्यांच्या आत आणि बाहेर सारखाच असतो. खऱ्या वापराचा मळ शरीराच्या ठेवणीप्रमाणे बसतो, आणि शरीर कधी सर्वत्र सारखे झिजवीत नाही.

छायाचित्राशी मुकाबला करण्याची अमेरिकन रीत करवतकाठी लुगड्यास तर फारच उत्तम लागू पडते, आणि ती येथे कोणी हाती घ्यावी अशी माझी फार इच्छा आहे. करवतीचे दात हाताने बाणा गुंतवून उठविलेले असतात; विणकर कितीही कसबी असो, नऊवारीच्या लांबीत एखादा दात आखूड राहतो, एखादा चुकतो, दोन दातांत अंतर पडते, आणि अशा चुकांचा क्रम दुसऱ्या कोणत्याही लुगड्यात तसाच पुन्हा येणे नाही. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात नागपूरच्या स्टुडिओत मोठ्या काचेवर घेतलेल्या कौटुंबिक छायाचित्रांत इतका बारकावा असतो की भिंगाखाली काठाचे दात मोजता येतात. ज्या घरी असे छायाचित्र भिंतीवर आणि तेच लुगडे पेटीत, अशा दोन्ही वस्तू आहेत, त्या घरी निर्विवाद पुरावा मिळण्याची शक्यता आहे. तेथे नुसत्या स्मरणावर समाधान मानण्याचे कारण नाही.

नोंद ठेवण्याची ही जाणीव आपल्याकडे परकी होती असे मात्र कोणी समजू नये. आमेरच्या तोशाखान्यातील गालिच्यांच्या पाठीस ते केव्हा आले, माप किती, किंमत किती हे लिहिलेल्या कापडी चिठ्ठ्या शिवलेल्या आहेत, आणि त्यांच्याच आधारे आजचे अभ्यासक त्या गालिच्यांचा काळ ठरवितात. मराठी राज्यातही जामदारखान्याचे स्वतंत्र खाते होते, पोशाखांच्या याद्या होत, कोणास कोणत्या प्रतीचे वस्त्र बहाल झाले याचे दप्तर राहत असे. नागपूरच्या भोसल्यांच्या बाबतीत ही साखळी एका घावाने तुटली. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि राजवाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव झाला. हत्ती-घोडे सीताबर्डीत विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्यास गेले. त्या गोंधळात जामदारखान्यातील वस्त्रे यादीपासून विलग झाली, आणि यादीपासून विलग झालेले वस्त्र म्हणजे नाव हरवलेले मूल होय.

धातूच्या वस्तूंचे नशीब थोडे बरे असते. पहिल्या रघुजी भोसल्यांची म्हणून ओळखलेली तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात घेऊन परत आणली. तिच्या पात्यावरच त्यांचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब देवनागरीत सोन्याने कोरलेला असल्यामुळे ती आपली ओळख स्वतःच सांगते. याच्या उलट, २०२४ मध्ये सातारच्या संग्रहालयात आलेली वाघनखे शिवाजी महाराजांनी वापरली ही कथा त्यांच्यासोबतच्या पेटीवरील लेखावर अवलंबून आहे, आणि ज्या लंडनच्या संग्रहालयाने ती उसनवार दिली त्यानेही ती वापरली गेल्याची खात्री देता येत नाही असेच म्हटले आहे. वस्तूवरचा लेख आणि पेटीवरचा लेख यांत जो भेद आहे तो भावनेच्या भरात पुसून टाकणे हे महाराजांच्या स्मृतीसही न्याय देणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्त्रावर तर बहुधा लेख नसतोच. तेथे सारा भार झिजेवर आणि माणसाच्या जबानीवर पडतो.

इंग्रजी अमलात नमुन्यांची एक नवी जात निर्माण झाली. मध्यप्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला. सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने १८६३ मध्ये नागपुरास संग्रहालय निघाले, ज्यास आपण अजब बंगला म्हणतो, आणि डिसेंबर १८६५ मध्ये प्रांताच्या कलाकौशल्याचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, फोर्ब्स वॉटसन याने हिंदुस्थानच्या कापडांचे ७०० प्रत्यक्ष तुकडे चिकटविलेले १८ खंड सिद्ध केले. असे २० संच झाले, त्यांतील १३ ब्रिटनमध्ये राहिले आणि ७ हिंदुस्थानात आले. हेतू उघड होता. येथल्या माणसास काय आवडते ते पाहून तेथील गिरण्यांनी तसे कापड काढावे. तथापि त्या व्यापारी हेतूतून आपल्या हाती असे नमुने आले की ज्यांचा काळ निश्चित आहे, आणि काळ निश्चित असलेला नमुना ही रुजुवात करणाऱ्याची सर्वांत मोठी गरज असते. इंग्लंडातील लीक येथील थॉमस वॉर्डल याने टसर रंगविण्याचे प्रयोग करून त्यास १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात प्रतिष्ठा मिळवून दिली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि सुती विणकरांच्या पोटावर पाय आला. कोशाचा तंतू गिरणीच्या वेगाला वश होत नसल्यामुळे कोशाचे विणकर काही काळ अधिक तग धरून राहिले.

पुढे सोवळ्याचा आचारच मागे पडला आणि मुकट्याचे रोजचे गिऱ्हाईक संपले. मांडीवर सूत काढण्याची रीत आरोग्यास अपायकारक म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने बंद करण्याचे ठरविले आणि तिच्या जागी यंत्रे दिली; ज्या स्त्रियांच्या मांड्यांची कातडी त्या कामाने सोलून निघत असे त्यांच्या दृष्टीने हा निर्णय सर्वथा योग्यच आहे, आणि संग्राहकाने त्याबद्दल हळहळ करणे अनुचित होईल. २००४ पासून शुद्ध रेशमास सिल्क मार्कची चिठ्ठी मिळते, आणि तिच्यामुळे बनावट टसरच्या नावाखाली होणारी फसवणूक पुष्कळ आटोक्यात येऊ शकते. परंतु ती चिठ्ठी मालाविषयी आहे. वस्त्र कोणाच्या अंगावर गेले याविषयी ती मौन पाळते, आणि ते तिचे कामही नाही. ते काम घराचे आहे.

आणि घरांनी ते काम केलेले नाही, ही दुःखाची गोष्ट नमूद केली पाहिजे. लाखांदूर, पवनी, मोहाडी या भागांतील कितीतरी जुनी कोशाची वस्त्रे बोहारणीच्या टोपलीत एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात गेली. काही सोवळ्याची फडकी होऊन फाटली. काही घरधन्याबरोबर सरणावर गेली, ज्याविषयी तक्रार करण्याचा कोणास अधिकार नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस जो महापूर आला त्यामुळे काठच्या गावांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली आणि त्यात पेट्याही भिजल्या. रेशमावर गाळाच्या पाण्याची जी तपकिरी सीमारेषा बसते ती निघत नाही. अशी रेषा असलेले वस्त्र कोणी टाकून देऊ नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण ती रेषाही आता एका ज्ञात तारखेची साक्ष आहे. ज्याअर्थी ती वस्त्रावर आहे, त्याअर्थी ते वस्त्र त्या दिवशी त्या घरी होते.

म्हणून या भागातील वाचकांस माझी विनंती अशी आहे. घरात जुना मुकटा, करवतकाठी लुगडे, कोशाचे पागोटे असेल तर ते धुण्यापूर्वी, रफू करण्यापूर्वी आणि कोणास देण्यापूर्वी त्याविषयी जे सांगणारे आहेत त्यांच्याजवळ बसावे. वस्त्र कोणाचे, साधारण केव्हा घेतले, कोणत्या गावच्या विणकराकडून, कोणत्या प्रसंगी नेसत, हे एका कोऱ्या कागदावर शाईने लिहून, सांगणाऱ्याचे नाव आणि आजची तारीख घालून, सांगणाऱ्याची सही घ्यावी. जे ठाऊक आहे ते आणि जे नुसते ऐकलेले आहे ते वेगवेगळ्या ओळींत लिहावे. तो कागद वस्त्राला टाचू नये, टाचणीचा गंज रेशीम खातो. स्वच्छ सुती कापडात वस्त्र गुंडाळून कागद त्याच पेटीत निराळा ठेवावा, त्याची एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी, आणि वस्त्राच्या घड्या वर्षातून एकदा बदलाव्यात. सांगणारी माणसे आता बहुतेक ऐंशीच्या पुढची आहेत. हे काम येत्या दिवाळीपर्यंत लांबवू नये.